रसाभास आणि मराठी बोलपटातील प्रेमगीत

लोकप्रिय प्रेमगीत हा विषय आपल्या समीक्षेने आजवर दोन प्रकारे बाजूस सारला आहे. एक तर त्याची गणना करमणुकीत करून त्यास वाङ्मयविचाराच्या कक्षेबाहेर ठेवावयाचे. किंवा विचार करावयाचाच झाला, तर गीतकाराचे शब्द चालीपासून, गाणाऱ्या पात्रापासून आणि प्रसंगापासून सोडवून घेऊन ते एखाद्या भावकवितेप्रमाणे तपासावयाचे, आणि मग ते भावकवितेच्या पासंगालाही पुरत नाहीत असा निकाल द्यावयाचा. यांपैकी दुसरी रीत अधिक अन्यायाची आहे. नाट्यपदाचा विचार करताना ते कोणत्या पात्राच्या मुखी आहे, कोणत्या प्रसंगी आहे आणि कोणास उद्देशून आहे, हे आपण पाहतो. बोलपटातील गीताच्या बाबतीत मात्र एवढी साधी काळजीही घेतली जात नाही. वस्तुतः अशा गीतास प्रथम विचारावयाचा प्रश्न असा आहे की, प्रेमाचे गीत गाण्याचा अधिकार या कथेत कोणास मिळाला आहे? हा प्रश्न विचारला म्हणजे, ज्यास आपण निव्वळ मनोरंजन समजतो त्यात एक जुना आणि फार कठोर नियम अद्याप जिवंत असल्याचे दिसू लागते.

तो नियम संस्कृत साहित्यशास्त्रात 'रसाभास' या नावाने आलेला आहे. शिंपल्याच्या ठायी जसा रुप्याचा भास व्हावा, तसा अनुचित आश्रयाच्या ठायी रसाचा केवळ भास होतो, अशी ही कल्पना. रावणाची सीतेविषयीची आसक्ती हे अभिनवगुप्ताने दिलेले उदाहरण प्रसिद्धच आहे. पुढे चौदाव्या शतकात विश्वनाथाने 'साहित्यदर्पणा'त शृंगाराचे अनौचित्य कोठे कोठे होते याची यादीच दिली. उपनायकाच्या ठायी असलेली रती, मुनिपत्नी किंवा गुरुपत्नी यांजविषयीची रती, अनेक नायकांवर जडलेली रती, उभयतांपैकी एकाच्याच ठायी असलेली, म्हणजे अनुभयनिष्ठ रती, प्रतिनायकाची रती, आणि शेवटी अधम पात्रे व तिर्यक् म्हणजे पशुपक्षी यांची रती. या यादीतील शेवटची जोडी विद्यार्थ्यांनी सावकाश वाचावी. अधम माणूस आणि पशू एकाच समासात आले आहेत. 'अधम' हा शब्द जन्मवाचक घ्यावयाचा की प्रकृतिवाचक, याविषयी वाद होऊ शकेल. परंतु ज्या समाजात प्रकृतीचा निर्णय बहुधा जन्मावरूनच होत असे, त्या समाजात या वादाचा व्यवहारातील निकाल काय लागला असेल, हे सांगावयास नको.

मराठीत रसचर्चा विपुल झाली. रा. श्री. जोग यांचे 'अभिनव काव्यप्रकाश', के. ना. वाटवे यांचा 'रसविमर्श' हे ग्रंथ या शहरातील महाविद्यालयांच्या पिढ्यान्पिढ्या परिचयाचे आहेत. परंतु ही चर्चा मुख्यतः काव्य व नाटक यांभोवती फिरली, आणि तीतही रससंख्येच्या वादाने इतकी जागा व्यापली की रसाभासाचे प्रकरण अडगळीत पडल्यासारखे झाले. ते पुन्हा उघडावे असे वाटण्याचे कारण हे की, औचित्याचा हा दंडक शास्त्रग्रंथांतून निघून गेला तरी लोकरुचीतून निघून गेलेला नाही. कोणाचे प्रेम गंभीरपणे गावयाचे आणि कोणाचे हसण्यावारी न्यावयाचे, हे अजूनही कोणी तरी ठरवीत असते.

या दंडकास खुद्द परंपरेतच दोन अपवाद आहेत. पहिला जगन्नाथ पंडिताचा. रसाभास हा रस आहे की नाही, या वादाची नोंद करताना 'रसगंगाधरा'त त्याने असाही एक पक्ष मांडला आहे की, सदोष घोड्यास आपण अश्वाभास म्हटले तरी तो घोडाच राहतो. त्याप्रमाणे अनौचित्यामुळे रसास दोष लागला तरी त्याचे रसत्व नाहीसे होत नाही. (याच पंडिताच्या आणि एका यवनीच्या प्रेमाची दंतकथा घेऊन विद्याधर गोखले यांनी १९६० साली 'पंडितराज जगन्नाथ' हे संगीत नाटक लिहिले, हा योगायोग मोठा गमतीचा आहे. औचित्याचा शास्त्रकार अनौचित्याचा नायक झाला, आणि तोही पदे गाऊन!) दुसरा अपवाद आपल्या अगदी जवळचा, 'गाथासप्तशती'चा. सातवाहन हालाच्या नावावरील हा महाराष्ट्री प्राकृतातील संग्रह स. आ. जोगळेकर यांनी १९५६ साली पुण्याहूनच मराठी वाचकांपुढे आणला. त्यातील प्रेमिक कोण आहेत? शेतकरी, त्यांच्या बायका, वाटसरू, गावच्या ग्रामणीची मुलगी. नदीकाठचे कुंज, पिकलेली शेते, कापणीनंतर उघडे पडलेले संकेतस्थान, ही त्यांची सृष्टी. आणि आनंदवर्धनासारख्या आचार्याने ध्वनीची उत्तमोत्तम उदाहरणे म्हणून याच गाथा निवडल्या. ग्रामीण माणसाच्या शृंगारातून शास्त्राने उदाहरणे घेतली आणि पुढे त्याच शास्त्राने अधम पात्राच्या शृंगारास आभास म्हटले. संस्कृत नाटकातील स्त्रिया बोलताना शौरसेनी वापरीत, पण गाताना महाराष्ट्री, हा संकेतही येथे लक्षात घ्यावा. आपल्या भाषेच्या पूर्वजेचा प्रेमगीतावरील हक्क एवढा जुना आहे.

ही दोन टोके ध्यानात ठेवून बोलपटाकडे वळू. 'प्रभात फिल्म कंपनी' १९२९ साली कोल्हापुरास निघाली आणि १९३३ मध्ये पुण्यास आली. तिच्या संतपटांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. आपल्या विषयाच्या दृष्टीने व्ही. शांताराम यांचे दोन सामाजिक बोलपट अधिक महत्त्वाचे आहेत. ना. ह. आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून घेतलेला 'कुंकू' (१९३७) हा जरठ-कुमारी विवाहाचा बोलपट. त्यात प्रेमगीतास जागाच नाही, कारण नीरेच्या आयुष्यात प्रेमास जागा ठेवलेली नाही. शांता आपटे यांची नीरा गाते ती प्रियकरासाठी नव्हे. लाँगफेलोच्या एका इंग्रजी कवितेतून ती जगण्याचा धीर गोळा करते. या बोलपटाची ध्वनियोजना आजही अभ्यसनीय आहे. केशवराव भोळे यांनी बाहेरून आणलेले पार्श्वसंगीत त्यात वर्ज्य केले. दृश्यात जे वाजू शकते तेवढेच ऐकू येते. कोंडलेल्या घरात संगीत कोठून येणार, असा हा निर्णय आहे. पुढे आपणांस या निर्णयाची आठवण होणार आहे.

'माणूस' (१९३९) या बोलपटात प्रश्न सरळच विचारला गेला. गणपत हा पोलीस शिपाई आणि मैना ही वेश्या यांची ही कथा. शाहू मोडक आणि शांता हुबळीकर यांनी ती वठविली. मैनेचे सर्वांत गाजलेले गीत, जे अनंत काणेकर यांनी लिहिले आणि मास्टर कृष्णराव यांनी चालीत बांधले, ते गणपतला उद्देशून नाही. ते गिऱ्हाइकांपुढे गायिलेले आहे, आणि निरनिराळ्या प्रांतांच्या माणसांना रिझविण्यासाठी त्याची कडवी निरनिराळ्या भाषांत आहेत. प्रेमाची भाषा हा मैनेचा धंदा असल्यामुळे ती तिला सर्व भाषांत येते, हे त्या बहुभाषिकतेचे मर्म आहे; नुसती चमत्कृती म्हणून तिच्याकडे पाहणारांनी अर्धेच गीत ऐकले. आणि याच बोलपटात, झाडाखाली गोड गळ्याने गाणाऱ्या प्रेमिकांचे, बॉम्बे टॉकीजच्या वळणाचे एक दृश्य विडंबनासाठी योजिले आहे. पुण्याच्या एका चित्रसंस्थेने मुंबईच्या दुसऱ्या चित्रसंस्थेची केलेली ही थट्टा म्हणून तिचा उल्लेख नेहमी होतो. परंतु थट्टेचा रोख कोठे आहे? बॉम्बे टॉकीजचा 'अछूत कन्या' (१९३६) ब्राह्मण तरुण आणि रेल्वे फाटकावरील रखवालदाराची अस्पृश्य मुलगी यांच्या प्रेमाचा. त्यातील देविका राणी व अशोककुमार यांचे झाडावर बसून गायिलेले द्वंद्वगीत सर्व देशभर पसरले. त्या गीतापुरती जात गळून पडते, आणि गीत संपताच परत येते. शेवटी कस्तुरी आगगाडीखाली जीव देते. गीत हा येथे कथेतील विसावा आहे. 'प्रभात'ने या विसाव्यावरच बोट ठेवले. ज्या माणसांना बसावयास झाड नाही, त्यांनी हे गीत कोठे गावे? मैना शेवटी मामाचा खून करून तुरुंगात जाते, आणि तिचे व गणपतचे प्रेम संसारापर्यंत पोहोचत नाही. शांतारामांच्या वास्तवनिष्ठेचे कौतुक करतानाही एवढे म्हणावे लागेल की, खोट्या गीताची थट्टा करून ते थांबले. खऱ्या गीताचा हक्क मैनेस द्यावा, इतके पुढे ते गेले नाहीत. विडंबन हा सुटकेचा मार्ग असतो, उत्तर नव्हे.

याच काळात बोलपटाबाहेर एक दुसरे प्रेमगीत घडत होते. रविकिरण मंडळाच्या कवितागायनाने पुण्यातील सुशिक्षितांना कविता कानांनी ऐकण्याची सवय लावली होती; जे. एल. रानडे, गो. ना. जोशी यांच्या ध्वनिमुद्रिकांनी ती सवय घराघरांत नेली. गजाननराव वाटवे यांनी भावगीतगायनाच्या स्वतंत्र बैठकी केल्या. १९५३ साली पुण्यास आकाशवाणीचे केंद्र आले. भावगीताचा घाट घडविण्यात काव्यदृष्टीइतकाच वाटा तबकडीचा आहे, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. मिनिटास अठ्ठ्याहत्तर फेरे घेणाऱ्या तबकडीच्या एका बाजूस सुमारे तीन-साडेतीन मिनिटे मावत. एक ध्रुवपद, दोन-तीन अंतरे, एकच भाव आणि एकच क्षण. इतक्या अवकाशात 'मी' आणि 'तू' एवढीच माणसे बसतात. आई, बाप, भाऊबंद, गाव यांना तेथे प्रवेश नाही. मंगेश पाडगांवकर, श्रीनिवास खळे आणि अरुण दाते यांच्या 'शुक्रतारा'ने १९६०च्या दशकात या प्रकाराचा कळस गाठला, आणि त्यातील निःशब्द, हळुवार, रात्रीच्या प्रकाशातील प्रेम हेच प्रेमाचे मराठी रूप होय, असे दोन पिढ्यांना वाटले. या गीतांच्या सौंदर्याविषयी प्रस्तुत लेखकास यत्किंचितही शंका नाही. प्रश्न निराळाच आहे. त्यांतील प्रेमिकांना आडनाव नाही, म्हणून ते कोणीही असू शकतात असे म्हटले जाते. परंतु त्यांची भाषा तर आहे! ती इतकी शुद्ध, इतकी सदाशिव पेठेत मुरलेली आहे की आडनाव सांगण्याची गरजच उरत नाही. चंद्र कोणाच्याच मालकीचा नसतो, हे खरे. तथापि गच्चीवर बसून तो पाहण्याची फुरसत सर्वांना नसते.

उरलेल्या शृंगारासाठी मराठी बोलपटाने लावणी राखून ठेवली. 'लोकशाहीर रामजोशी' (१९४७) या चित्रपटाने तिला पडद्यावर प्रतिष्ठा दिली. पुढे अनंत माने यांचा 'सांगत्ये ऐका' (१९५९) पुण्याच्या 'विजयानंद'मध्ये शंभराहून अधिक आठवडे चालला. लावणीत देह आहे, बोली आहे, धिटाई आहे. भावगीतात जे जे नाही ते सर्व आहे. परंतु लावणी गाणारी स्त्री ती गाते फडावर, बसलेल्या पुरुषांना उद्देशून, आणि बहुधा पुरुषानेच लिहिलेल्या शब्दांत. तिचे गीत ही तिची विद्या आणि तिचा चरितार्थ आहे. त्यावरून तिच्या मनाचा ठाव लागतोच असे नाही. 'सांगत्ये ऐका'चे वैशिष्ट्य हे की त्यातील नायिका फडावरूनच पाटलाच्या अत्याचाराची कहाणी गावापुढे मांडते, म्हणजे गाण्याचा अधिकार साक्षीसाठी वापरते. हा एक अपवादात्मक क्षण सोडला, तर तमाशापटांतील स्त्रीस शृंगाराचे गीत भरपूर मिळाले आणि शृंगाराचे फळ मात्र मिळाले नाही. 'पिंजरा' (१९७२) या चित्रपटात तर तिचे प्रेम म्हणजे सज्जन मास्तरांचा अधःपात. पार्श्वगायनाच्या तंत्राने या विभागणीस आणखी धार आणली. शांता आपटे, शांता हुबळीकर यांच्या काळी जी गात असे तीच दिसत असे. नंतर फडावर नाचणारा देह एकीचा आणि ध्वनिमुद्रणगृहात गाणारा गळा दुसरीचा झाला. रसिकांना त्या गळ्याची तबकडी घरी आणता आली. त्या देहास उंबऱ्याबाहेर ठेवता आले.

ग्रामीण बोलीतील प्रेमाचा तिसरा मार्ग हास्याचा. 'सोंगाड्या' (१९७१), 'पांडू हवालदार' (१९७५) यांसारख्या दादा कोंडके यांच्या चित्रपटांनी गिरणगावास आणि खेड्यांस मनसोक्त हसविले. शृंगाराच्या अनुकृतीतून हास्य निर्माण होते, हे भरताचे मत येथे अक्षरशः लागू पडते. बोलीत प्रेम बोलले की हसू यावे, अशी कानांची सवय त्यातून पक्की झाली. कोंडके यांच्या विनोदास अश्लील म्हणून नाके मुरडणारांनी हा खरा मुद्दा कधी मांडला नाही.

इतक्या पार्श्वभूमीवर नागराज मंजुळे यांचा 'सैराट' (२९ एप्रिल २०१६) पाहिला म्हणजे त्यातील गीतांचे नावीन्य ध्यानात येते. करमाळ्याच्या परिसरातील पाटलाची मुलगी आर्ची आणि मासेमारी करणाऱ्या कुटुंबातील परश्या यांची ही कथा. अजय-अतुल यांनी तिच्यासाठी चार गीते केली, आणि त्यांतील वाद्यवृंदाचे ध्वनिमुद्रण अमेरिकेत लॉस एंजलिस येथे पाश्चात्त्य वादकांच्या मोठ्या ताफ्यासह केले. याचे त्या वेळी अपूर्वाई म्हणून कौतुक झाले, खर्चाच्या गोष्टी झाल्या. परंतु कानांनी विचार केला तर येथे घडले आहे ते असे: सोलापूरकडील बोली, जी मराठी पडद्यावर आजवर लावणीत किंवा विनोदात ऐकू येई, ती व्हायोलिनांच्या गांभीर्यावर तरंगत आली. तिच्यातील प्रेम कोणासही हसू आणीत नाही. परश्या धावत सुटतो, पाण्यात उडी घेतो, आणि सारे वाद्यवृंद त्याच्याबरोबर धावते. भावगीताने ज्यास 'मी' म्हणू दिले नाही, तो 'मी' येथे बोलू लागतो.

रसाभासाच्या परिभाषेत बोलावयाचे तर पहिले गीत हे अजून अनुभयनिष्ठ रतीचे आहे. परश्या पाहतो, आर्ची पाहिली जाते. मराठी चित्रपटातील नायिकेची गती बहुधा येथेच संपते. 'सैराट'मध्ये मात्र पुढचे गीत आर्चीचे आहे, आणि श्रेया घोषाल यांच्या स्वरात तिच्या मनाची खळबळ तिच्याच बाजूने मांडली जाते. ती ट्रॅक्टर चालविते, बुलेट चालविते, आणि पाहण्याचा पुढाकारही घेते. रती उभयनिष्ठ होते. शास्त्राची एक अट पुरी झाली. राहिली ती अधम पात्राची, आणि ती अट गीताच्या हातात नाही. या गीतांतील शब्द एकटे काढून वाचले तर साधेच आहेत, क्वचित सांकेतिकही आहेत. त्यावरून त्यांची किंमत करणे म्हणजे लेखाच्या आरंभी सांगितलेली चूक करणे होय. त्या शब्दांना किंमत येते ती कोणत्या तोंडी आणि कोणत्या सुरावटीवर ते बसविले आहेत यामुळे.

परंतु मंजुळे यांची खरी सूक्ष्मता उद्दीपन विभावात आहे. या गीतांची सृष्टी पाहा: विहीर, हिरवेगार उसाचे फड, केळीच्या बागा, रानातील मोठे वृक्ष. गाथासप्तशतीतील संकेतस्थळांशी तिचे नाते सांगता येईल इतकी ती रमणीय आहे. ही सृष्टी कोणाच्या मालकीची आहे? ऊस पाटलाचा, बागा पाटलाच्या, ट्रॅक्टर पाटलाचा. कारखाना आणि शिक्षणसंस्था यांवरची सत्ताही त्याच घराण्याची. वर्गात नव्याने आलेले लोखंडे सर मुलाला शिस्त लावू पाहतात आणि आर्चीचा भाऊ प्रिन्स त्यांच्या थोबाडीत मारतो. घरी त्याचे कौतुक होते. ज्या रानात हे प्रेमगीत फुलते ते रानच गीताच्या विरुद्ध साक्ष देणारे आहे. भावगीताने चंद्र निवडला, कारण त्याचा सातबारा नसतो. 'सैराट'ने सातबारा असलेले निसर्गदृश्य निवडले, आणि प्रेक्षकास ते सुंदर दिसू दिले. मागील पिढ्यांच्या ग्रामीण चित्रपटांत शेत हे नुसते शेत असे.

म्हणूनच उत्तरार्धात एकही गीत नाही. आर्ची व परश्या पळून हैदराबादेस जातात; नाल्याकाठच्या झोपडीत राहतात; भाषा परकी, पाणी परके, वास असह्य. सुमनअक्का त्यांना आधार देते, आर्ची कारखान्यात काम करू लागते, संशय येतो, भांडण होते, समेट होतो, मूल होते. पार्श्वसंगीतही विरळ होत जाते. अनेकांनी यावर आक्षेप घेतला की चित्रपटाचे दोन तुकडे झाले, पहिला गल्लाभरू आणि दुसरा वास्तववादी, आणि त्यांचा सांधा जुळत नाही. हा आक्षेप सहज टाकून देण्यासारखा नाही. पहिल्या भागातील मंदगती दृश्यांची हौस काही ठिकाणी निश्चितच जास्त झाली आहे, आणि मित्रांच्या विनोदात जुन्या ग्रामीण चित्रपटांची छटा उरली आहे. तरीही सांधा जुळत नाही असे म्हणता येत नाही. 'कुंकू'मध्ये भोळे यांनी कोंडलेल्या घरातून संगीत काढून घेतले, त्याच न्यायाने येथे बेघर झालेल्या प्रेमातून गीत काढून घेतले आहे. फरक एवढाच की नीरेच्या वाट्यास ते कधी आलेच नव्हते, आणि आर्ची-परश्याने ते भरभरून भोगले आहे. ज्याला गीत माहीत आहे त्याचे मौन निराळे असते.

शेवटच्या प्रसंगात माहेरची माणसे भेटवस्तू घेऊन येतात. आर्ची चहा करते. मूल शेजारणीकडून परत येते तेव्हा दोघांचे देह जमिनीवर आहेत. मूल रडत बाहेर चालू लागते आणि त्याच्या रक्ताळलेल्या पावलांचे ठसे मागे उरतात. या वेळी ध्वनिपट्टी पूर्णपणे मूक आहे. मुलाचे रडणे दिसते, ऐकू येत नाही.

या शेवटास अतिरंजित म्हणणारांनी त्या वर्षांची नगर जिल्ह्याची वृत्तपत्रे चाळावी. १ जानेवारी २०१३ रोजी नेवासे तालुक्यातील सोनई येथे तीन दलित तरुण मारले गेले. जामखेड तालुक्यातील खर्डा येथे एप्रिल २०१४ मध्ये एका दलित विद्यार्थ्यास, वरच्या समजल्या जाणाऱ्या जातीतील मुलीशी बोलल्याच्या संशयावरून ठार करण्यात आले. साहित्यशास्त्रात जे अनौचित्य म्हणून नोंदले जाते, त्याची शिक्षा गावात कोण देतो, हे त्यावरून कळते. चित्रपट निघाल्यावर, तो कोवळ्या मुलामुलींना पळून जाण्यास शिकवितो अशी तक्रार सार्वजनिक चर्चेत वारंवार झाली. ती गीतांविषयीच होती, शेवटाविषयी नव्हती. गीताने माणसांत काही हालते, याची कबुली समीक्षकांपेक्षा तक्रारदारांनी अधिक स्पष्टपणे दिली.

येथे एक अडचण मांडलीच पाहिजे. लोकप्रिय गीत चित्रपटातून सुटे होते. तो त्याचा धर्मच आहे. 'झिंगाट' हे गीत प्रेक्षकांनी चित्रपटगृहांत खुर्च्या सोडून नाचत ऐकले, आणि तेथून ते वरातींत, गणेशोत्सवाच्या मिरवणुकांत, डॉल्बीच्या भिंतींपुढे जाऊन पोहोचले. ज्या घरांत आर्ची-परश्यास ठार करणारी माणसे निपजतात, त्या घरांतील लग्नांतही ते वाजले असेल यात शंका घेण्याचे कारण नाही. गीत गाण्याचा अधिकार परश्यास मिळाला, आणि दुसऱ्याच दिवशी तो सर्वांचा झाला. १९३९ साली मैनेच्या गीताचेही असेच झाले होते: गिऱ्हाइकांसाठी गायिलेले ते गीत घरंदाज मुलींनी निरागसपणे गुणगुणले. हिंदीत 'धडक' (२०१८) निघाला तेव्हा तर चालीही घेतल्या, 'झिंगाट'ही घेतले, आणि कथा उदयपूरच्या हवेल्यांत नेऊन जातीचा प्रश्न पुसट केला. तेथे उत्तरार्धातील मौनास अर्थच राहिला नाही. चाल नेता येते. चालीखालची जमीन नेता येत नाही.

मंजुळे यांनाही ही अडचण आधीपासून ठाऊक असावी, असे 'फँड्री' (२०१४ साली प्रदर्शित) पाहून वाटते. कैकाडी कुटुंबातील जब्या वर्गातील शालूवर प्रेम करतो. ती त्याच्याशी बोलतही नाही. अनुभयनिष्ठ रती, अधम मानलेले पात्र, आणि ज्याच्या मागे त्यास भर गावात धावावे लागते ते डुक्कर, म्हणजे तिर्यक्! विश्वनाथाच्या यादीतील तीन कलमे एकाच कथेत एकत्र यावी, हे विलक्षणच. त्या चित्रपटासाठी अजय-अतुल यांनी केलेले गीत जाहिरातीपुरते बाहेर ठेवले गेले. चित्रपटात ते नाही. जब्यास गीत नाही, दगड आहे. 'सैराट'मध्ये त्याच दिग्दर्शकाने आपल्या नायकास गीत दिले, एवढ्यावरून तो तडजोडीस उतरला असे म्हणणारे समीक्षक, रसाभास मानला गेलेला शृंगार पूर्ण रस म्हणून लक्षावधींकडून ऐकवून घेणे किती अवघड आहे, याचा विचार करीत नाहीत.

एक बाजू या लेखात अपुरी राहिली आहे: लावणी गाणाऱ्या स्त्रीची. हंसा वाडकर यांनी 'सांगत्ये ऐका' याच नावाने १९७० साली आपले आत्मचरित्र प्रसिद्ध केले, आणि पडद्यावरील नायिका व तीस देह देणारी नटी यांतील अंतर स्वतःच्या शब्दांत सांगितले. त्या आत्मचरित्राशेजारी तमाशापटांतील गीते ठेवून वाचण्याचे काम पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी कोणी हाती घ्यावे. चित्रपटगृहांत विकल्या जाणाऱ्या गीतपुस्तिका पुण्यातच, १९६४ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात पाहावयास मिळतात. त्यांत प्रत्येक गीत कोणत्या पात्राच्या तोंडी आहे आणि कोणत्या प्रसंगी आहे याचा माग काढीत जावे, आणि प्रत्येक वेळी ते कोणास उद्देशून आहे हे समोर लिहावे. आर्यभूषण थिएटरच्या रंगमंचावर हीच गीते गाणाऱ्या कलावतींना मग प्रत्यक्ष विचारता येईल की, यांतील कोणते गीत त्यांनी स्वतःसाठी, गिऱ्हाईक समोर नसताना, कधी म्हटले होते.